सरासरीकाका

सरासरीकाकांना माणसं नावाने आठवत नाहीत, हायस्कूलने आठवतात. गणपतीच्या आरतीनंतर कुणी कुलकर्ण्यांचा विषय काढला, की काकांचा पहिला प्रश्न, "कुठले? न्यूक्वावाले की मेटियावाले?" उत्तर मिळेपर्यंत कुलकर्णी अधांतरी. त्यांची मुलं शिकून नोकरीला लागली असतील, दोघं नवराबायको घर विकून फ्लोरिडाला गेली असतील, पण काकांच्या हिशेबी ते कायमचे मेटियावाले.

शिकागोहून पश्चिमेकडे आगगाडीने तासाभरावर नेपरव्हिल लागतं. टेलिफोन कंपन्यांच्या भरभराटीत नव्वदच्या दशकात इथे पुष्कळ मराठी इंजिनिअर आले, त्यात काकाही आले. पुढे काकांच्या ल्यूसंट कंपनीची अल्काटेल-ल्यूसंट झाली, तिची नोकिया झाली, गळ्यातल्या बिल्ल्यावरची नावं बदलत गेली. घर मात्र काकांनी बदललं नाही, कारण घर इंडियन प्रेयरी स्कूल डिस्ट्रिक्ट २०४ मध्ये आहे. दोन्ही मुली या डिस्ट्रिक्टमधून बाहेर पडल्या त्याला आता जमाना झाला. काका नोकरीतून निवृत्त झाले. डिस्ट्रिक्टमधून व्हायचं नाव नाही.

अमेरिकेत सरकारी शाळा ठरते ती घराच्या पत्त्यावरून, आणि शाळेचा खर्च चालतो तो बराचसा घरपट्टीतून. वर्षातून दोन हप्त्यांत येणारं ते बिल उघडलं, की काकू कपाळाला हात लावतात. काका चष्मा चढवून त्यातली शाळेची ओळ शोधतात, तिथला आकडा सगळ्यात मोठा आहे ना याची खात्री करतात आणि म्हणतात, "भरतोय तोवर शाळा आपली." डिस्ट्रिक्टची तीन मोठी हायस्कूलं: वॉबॉन्सी व्हॅली, न्यूक्वा व्हॅली आणि २००९ साली उघडलेली मेटिया व्हॅली. नावं पोटावाटोमी लोकांमधली. वॉबॉन्सी हा त्यांचा सरदार, न्यूक्वा त्याचा मुलगा. हा इतिहास काकांना पाठ आहे, पण तो ते एकाच कारणासाठी सांगतात. "परीक्षेत मुलाने बापाला केव्हाच मागे टाकलंय," असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसतात. ऐकणारा वॉबॉन्सीवाला असला तर तो हसत नाही.

हे वेड आलं कुठून, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. कराडच्या शाळेत असताना त्यांची बोर्डाची गुणवत्ता यादी थोडक्यात हुकली. आई पेढा भरवतेय असा फोटो पेपरात आला तो दोन घरं सोडून राहणाऱ्या मुलाचा. तो मुलगा पुढे काय झाला हे काका सांगत नाहीत, विचारलं तर विषय बदलतात. त्यामुळे तो मोठा झाला असावा, असा माझा तर्क आहे.

इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे ऑक्टोबर संपायच्या आत राज्यातल्या प्रत्येक शाळेचं रिपोर्ट कार्ड जाहीर होतं. दिवाळी त्याच्या मागेपुढे, हॅलोवीन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आम्ही बाकीची मंडळी पुण्याहून दिवाळी अंक कधी येतात याची वाट बघतो, काकांचा दिवाळी अंक हा. स्वयंपाकघरात काकू चकल्या तळत असतात आणि टेबलावर लॅपटॉप उघडून काका एका हाताने चकली खात दुसऱ्या हाताने आकडे भरत असतात. मधेच हात बदलतात. त्यांच्या लॅपटॉपवर आकड्यांची बटणं तेलकट आहेत आणि अक्षरांची स्वच्छ. २०२५ च्या हॅलोवीनला दारात स्पायडरमॅन आला. काकांनी चॉकलेटची टोपली पुढे केली आणि विचारलं, "अकरावीत का?" स्पायडरमॅन म्हणाला, मी सात वर्षांचा आहे. काकांनी मनात हिशेब केला. "म्हणजे २०३६ ची बॅच," असं म्हणून त्यांनी त्याला दोन चॉकलेटं दिली.

त्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेलचं पान आहे. त्याची पहिली ओळ २००१ ची, कारण त्या वर्षापासून इलिनॉयने अकरावीच्या सगळ्या मुलांना सरसकट एसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेला बसवायला सुरुवात केली. गुण ३६ पैकी. सरासरी एखाद्या दशांशाने वर जायची, एखाद्या दशांशाने खाली यायची. काकांच्या आयुष्यातला हा सुवर्णकाळ. लग्नाच्या जेवणावळीत ते मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून "पॉइंट दोनने वर आहोत" असं सांगायचे आणि समोरचाही "वा" म्हणायचा.

मग २०१७ मध्ये राज्याने एसीटी बंद करून एसएटी आणली. ३६ पैकी मोजणारं राज्य १६०० पैकी मोजायला लागलं. इतकी वर्षं जमिनीलगत शहाण्यासारखा चालणारा काकांचा आलेख कागदाच्या वरच्या कडेतून निघून गेला. पुढल्या वर्षी दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी मिळून रूपांतराचा तक्ता काढला: एसीटीचे ३० म्हणजे एसएटीचे १३७०, २५ म्हणजे १२१०, २० म्हणजे १०४०. काकांनी तो छापून, लॅमिनेट करून फ्रिजवर बालाजीच्या चुंबकाखाली लावला. जुनी सगळी वर्षं त्यांनी या दराने बदलून घेतली. वर्षांच्या सरासरीला एकेका मुलासाठी केलेला तक्ता लावावा का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पडला असता तर पान भरलं नसतं.

२०२४ मध्ये एसएटी कागदावरून संगणकावर गेली, दोन तास चौदा मिनिटांची झाली. कॅल्क्युलेटर पडद्यातच. पहिल्या टप्प्यात बरं केलं तर पुढचा टप्पा अवघड मिळतो. काकांना हे अजिबात रुचलं नाही. "प्रत्येकाला पेपर वेगळा, मग रांगेत उभं कुणाला करायचं?" हा त्यांचा सवाल. त्यातून सावरतायत तोच २०२५ च्या वसंतात राज्य पुन्हा एसीटीकडे वळलं. फ्रिजवरचा तक्ता आता उजवीकडून डावीकडे वाचायचा. आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने परीक्षेत पात्र ठरायची रेषा बदलली, खाली आणली. रेषा आधी फार वर होती, कॉलेजात नीट शिकणारी मुलंही तिच्याखाली पडत होती, असं मंडळाचं म्हणणं, आणि ते मला पटण्यासारखं वाटतं. काकांना नाही. "वसंतात परीक्षा दिली तेव्हा अपात्र होती ती पोरं," ते म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून पात्र झाली!"

आमच्यात एक वहिनी आहेत, त्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतात. कोजागरीच्या रात्री मसाला दूध पिता पिता काकांनी देशाची घसरण काढली. २०१८ च्या बॅचची एसएटीची सरासरी १०६८ होती, २०२४ ची १०२४. याला काका घसरण म्हणत नाहीत, मंदी म्हणतात. वहिनींनी पेला खाली ठेवला.

"काका, इलिनॉयची सरासरी हजाराच्या खाली. शेजारी विस्कॉन्सिनची बाराशेच्या वर. तिथली मुलं आपल्यापेक्षा दोनशे गुणांनी हुशार आहेत का?"

काकांनी विचार केला. "थंडी जास्त आहे तिथे. मुलं घरात बसतात."

वहिनींनी मग समजावलं, की विस्कॉन्सिनमध्ये सगळ्या मुलांना शाळा एसीटी द्यायला लावते. एसएटीच्या वाटेला जातात ती शंभरातली दोन-तीन, बाहेरच्या मोठ्या विद्यापीठांवर डोळा असलेली. आपल्याकडे अख्खा वर्ग बसवला होता. सगळ्यांना बसवलं की सरासरी उतरणार, निवडक बसले की चढणार. त्यात शिकवण्याचा संबंध थोडाच. काका मन लावून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून ते गावभर सांगू लागले, "विस्कॉन्सिनचं काही खरं नाही. निवडून पोरं बसवतात."

"निवड आपल्याकडेही होते काका," वहिनींनी पुढच्या भेटीत सांगून पाहिलं. "परीक्षेच्या दिवशी नाही, घर घेतानाच होते. ज्याला हे घर परवडतं त्याचं मूल इथे." मग त्यांनी २०२३ मधलं हार्वर्डच्या संशोधकांचं काम काढलं: सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांची १३०० किंवा त्याहून जास्त गुण मिळवण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या तेरापट. काकांचा चेहरा गंभीर झाला. आता काहीतरी आत शिरलं, असं वहिनींना वाटलं. काकांनी विचारलं, "यात डिस्ट्रिक्टवार यादी आहे का?"

विस्कॉन्सिन काकांच्या घरात पुढे वेगळ्या वाटेने आलं. मोठ्या लेकीने लग्न ठरवलं ते मॅडिसनच्या मुलाशी. पहिल्यांदा घरी आला, सोफ्याच्या काठावर बसला, काकूंनी पोहे दिले. काकांनी कुलदैवत विचारलं नाही, पगार विचारला नाही. लिंबू पिळून होईपर्यंत थांबले आणि मग, "एसएटी किती होती?" मुलगा म्हणाला, दिलीच नाही, आमच्याकडे एसीटी असते. काका उठून फ्रिजपाशी गेले. पण अडचण दुहेरी होती. लेकीची एसएटी २४०० च्या काळातली, २००५ ते २०१६ च्या मधली. तक्ता नव्या १६०० साठी. म्हणजे आधी लेकीला चोवीसशेवरून सोळाशेवर आणायचं, मग जावयाला छत्तिसावरून सोळाशेवर चढवायचं, आणि दोघं एका पातळीवर आली की बघायचं. लेक म्हणाली, "बाबा, पोहे गार होतायत." काका स्वयंपाकघरातून बाहेर आले ते म्हणाले, "ठीक आहे." नक्की काय ठीक निघालं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जावई अजून काकूंकडे चौकशी करतो.

एवढं असूनही काकांचा उपयोग होतो हे कबूल केलं पाहिजे. नवं कुटुंब घर बघायला लागलं, की त्यांना गाडीत घालून काकाच फिरवतात. एजंट गोड बोलतो, काका खरं बोलतात. "पत्त्यावर नेपरव्हिल लिहिलंय म्हणून फसू नकोस. हा भाग प्लेनफिल्डच्या दोनशे दोनमध्ये जातो. आणि ते पलीकडचं घर, पत्ता ऑरोराचा, पण दोनशे चार." गावाच्या मधल्या भागात गेलं की दोनशे तीन लागतं, तिथली सेंट्रल आणि नॉर्थ ही हायस्कूलंही नावाजलेली. पण दोनशे तीनबद्दल काका फक्त "चांगले लोक आहेत" एवढंच बोलतात. विहिणीबद्दल बोलावं तसं.

मागे एक हिंजवडीहून आलेलं जोडपं होतं. सूनबाईंना पूर्वेचं दार हवं होतं, घरात शिरल्या शिरल्या त्यांनी फोनवर होकायंत्र उघडलं. काका दारातच उभे राहिले आणि रस्त्याच्या मधोमध बोट रोखून म्हणाले, "पूर्व सोड. ती रेषा बघ." रस्त्यावर रेषा नव्हती. काकांना दिसत होती. "या अंगाला एक शाळा, त्या अंगाला दुसरी. दोन्ही घरांचं किचन सारखंच." नवऱ्याने वही काढून लिहून घेतलं. त्यांचं बाळ चार महिन्यांचं होतं, मागच्या सीटवर झोपलं होतं. काकांनी काचेतून आत बघितलं आणि त्याची बॅच सांगितली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिलीय. रविवारी मराठी शाळेत आम्ही पोरांना बाराखडी शिकवतो. तिथली एक मुलगी एसीटी देऊन आली, तोंड उतरलेलं. काका तिच्याजवळ जाऊन बसले. आता हे दशांश काढणार म्हणून मी धावलो, तर ते तिला सांगत होते, की गणिताच्या पेपरात आपल्यालाही शेवटची तीन उदाहरणं सुटली नव्हती आणि त्या रात्री आजीने काहीही न विचारता पुरणपोळी केली होती. गुण त्यांनी विचारलेच नाहीत. पुढे तिची शाळा रिपोर्ट कार्डात आली तेव्हा तिचा आकडा सरासरीत कुठेतरी विरघळून गेला होता आणि काका त्या सरासरीवर पुन्हा चिडले. हे दोन काका एकमेकांना ओळखत नाहीत, असं मला कधीकधी वाटतं.

पात्रतेची रेषा खाली आल्यावर काका स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलायला गेले. सामान्य नागरिकाला तिथे घड्याळ लावून काही मिनिटं मिळतात. काकांची मागणी साधी होती: २००१ पासूनचे सगळे आकडे, जुने आणि नवे, एका पानावर शेजारी शेजारी छापावेत. तळघरात इस्त्रीच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी आठवडाभर तालीम केली. त्या दिवशी जाकीट घातलं, आलेख पुठ्ठ्यावर चिकटवून नेला. सुरुवात त्यांनी एसीटी कशी सुरू झाली इथपासून केली. मग सरसकट बसवण्याचा निर्णय, मग पहिल्या वर्षाची सरासरी, मग दुसऱ्या. समोर लाल आकडे उलटे पळत होते आणि काका सरळ पुढे चालले होते. टणकन घंटा झाली. अध्यक्षांनी आभार मानले. पुढच्या बाई स्कूलबस सकाळी उशिरा येते म्हणून बोलायला उभ्या राहिल्या. काकांनी पुठ्ठा काखेत मारला.

गाडीत काकूंनी विचारलं, "झालं का सगळं बोलून?"

"२००९ पर्यंत आणलंय," काका म्हणाले. "मेटिया नुकतीच उघडलीय. एसएटी अजून यायचीय. पुढची मीटिंग कधी आहे बघ बरं."

"बघते. तुम्ही आधी गाडीचे दिवे लावा, नाहीतर पोलीस थांबवेल."