हौद्याला रेड ऑक्साईड

आंब्याच्या पेट्या मुंबईला जाऊन संपल्या, चिरेखाणी आवरत्या घेतल्या, १ जूनला मासेमारीची बंदी लागली, की मृगाचा पहिला पाऊस येईपर्यंत कोकणातल्या टेम्पोवाल्यांना थोडी उसंत मिळते. त्या सवडीत रत्नागिरीच्या कुठल्याही आळीत एखादा छोटा हत्ती फाळका उघडा टाकून उभा दिसतो आणि हौद्यात कुणीतरी उकिडवं बसून खरडत असतं. टाटांनी २००५ साली ही गाडी बाजारात आणली. तेव्हापासून तिने वाहिलं नाही असं काही उरलं असेल, असं मला वाटत नाही.

खरडण्याचं काम रंगवण्याहून मोठं. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी पत्र्याच्या सांध्यांत मुरत असतं आणि गंज तिथे मनात धरलेल्या रागासारखा वाढतो: वरून रंग शाबूत, टोक लावलं की पोपडा सुटून हातात येतो. मधूनच तो माणूस बोटाने पत्र्यावर टिचकी मारतो आणि मान कलती करून ऐकतो. आवाज खणखणीत आला की पुढे सरकतो, बद्द आला की एक शिवी हासडतो. मग थिनरचं फडकं फिरतं, डबा उघडतो आणि केबिनकडून सुरुवात करून, मागे मागे सरकत, फाळक्यापर्यंत लाल रंगाचा पहिला हात येतो. उलट दिशेने सुरुवात करणारा वाळेपर्यंत आतच अडकतो.

"एवढं चकाचक करून पुन्हा चिरेच भरायचे ना?" मी शेजारच्या टेम्पोवाल्याला विचारलं. "भरायचे तर काका! पण ते रंगाला घासूदे, पत्र्याला कशाला?"

या उत्तरापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी डब्याकडे पाहत बसलो. रेड ऑक्साईडचा लाल म्हणजे लोखंडाचा ऑक्साईड, थोडक्यात गंजाचाच सख्खा भाऊ. अर्धा दिवस राबून खरडून काढायचा तोच, आणि विकत आणून फासायचाही तोच! पण त्यातही शहाणपण आहे. जे गंजून पुरं झालं त्याला आणखी गंजायची भीती नाही. ते तेलात, राळेत मिसळून पत्र्याला चिकटून बसतं आणि पाण्याला आत येऊ देत नाही. दिल्लीच्या लोहस्तंभाने सुमारे १६०० वर्षं हेच केलं आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे अंगावर गंजाचाच एक पातळ, घट्ट पापुद्रा धरला आणि त्याच पापुद्र्याने त्याला राखलं. हौद्यात घासत जाणाऱ्या चिऱ्याची लालीही लोखंडाच्या ऑक्साईडचीच. आजी दिवाळीआधी तुळशीवृंदावनाला गेरू लावायची, तो गेरूही त्याच कुळातला. ओल्या गेरूवर पाऊल पडलं की ती जे बोलायची, ते लाल रंगाच्या ओल्या हौद्यापाशी उभं राहिलं की मला अजून ऐकू येतं.

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात पॉलियुरेथेनचा जाड, खरखरीत थर फवारतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. आमच्याकडे काहीजण वरून चेकर प्लेट ठोकतात. पण बहुतेकांचं भागतं ते लाल प्राइमर आणि वर काळ्या रंगाचे दोन हात यावरच, आणि तेही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. खरवडलं जाणं हेच ज्याचं काम, त्या रंगाकडे निरखून कोण बघणार? श्रावण सरला की याच हौद्यात चटई अंथरून गणपती येतो, तुळशीचं लग्न झालं की कुणाच्या लेकीचं कपाट सासरी जातं. सगळ्यांचे डोळे मूर्तीवर नाहीतर कपाटाच्या आरशावर. टेम्पोवाल्याचे तेवढे कपाटाच्या पायांवर.

तेव्हा तुमचं सामान न्यायला असा टेम्पो दारात आला, तर कपाट आत ढकलत, ओढत नेऊ नका. दोघं मिळून उचला आणि अलगद ठेवा.