साडेतीन सीसीची हवा

माणसाने गाडीला टर्बो बसवावा, याला आमची हरकत नाही. फक्त ज्या गाडीला बसवायचा, तिच्यात स्वतःला बसता यावं, एवढीच माफक अपेक्षा.

रिमोटवर धावणाऱ्या नायट्रो गाड्यांच्या अमेरिकन शौकिनांना ही अपेक्षा मान्य नाही. एक अष्टमांश मापाच्या बगीचं इंजिन असतं ३.५ सीसीचं. त्याच्या कार्ब्युरेटरच्या तोंडावर चढवायला काय काय मिळतं! सनईसारखी फुललेली अॅल्युमिनियमची तोंडं, समोरून वारा गिळणारे रॅम एअरचे जबडे, टर्बोच्या आकाराचे शंख. रंग बहुधा जांभळा किंवा निळा. शक्ती रंगातून येते, अशी या पंथाची श्रद्धा आहे.

आता जरा हिशेब. गाडी ताशी ८० किलोमीटरने सुटली आणि जबड्याने समोरचा सगळा वारा इमानदारीत गिळला, तरी वाढणारा दाब भरतो वातावरणाच्या दाबाच्या ०.३ टक्के. तोसुद्धा सरळ रस्त्यावर. वळणावर तेवढाही नाही. उलट तीच गाडी पुण्याहून मुंबईला आणली, तर सहा टक्क्यांच्या आसपास जास्त दाबाची हवा फुकटात मिळते. पण हा उपाय पुणेकराला सुचवायचा कोणी?

खरी गंमत पुढेच आहे. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारं हे इंजिन मुळात पेट्रोलच्या इंजिनाइतकं हवेवर अवलंबूनच नसतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७. कारण नायट्रोमिथेन आपला ऑक्सिजन रेणूतच बांधून आणतं. त्याच गुणामुळे युरोपीय संघाने त्याला स्फोटकांच्या कच्च्या मालात बसवलं आणि २०२१ पासून १६ टक्क्यांवरचं नायट्रो परवान्याशिवाय सामान्य गिऱ्हाइकाला द्यायला बंदी केली. म्हणजे आमचा शौकीन आधी बाटलीतून ऑक्सिजन विकत घेतो, आणि मग तो पुरत नाही म्हणून वर नळी विकत घेतो.

त्यातून इंजिन टू-स्ट्रोक. त्यात ताजं मिश्रण आत शिरत असताना धूर बाहेर जायचं दार उघडंच असतं. पुढून कितीही कोंबा, बरंचसं मागून निघून जातं. ते परत आत ढकलायचं काम सायलेन्सरच्या जागचा ट्यून्ड पाइप करतो, आपल्याच आवाजाची लाट उलटी फिरवून. हवा भरायची खरी युक्ती मागच्या दाराला आहे. पण मागचं दार बोनेटवर मिरवता येत नाही.

आणि शर्यती जिंकणारे काय करतात? तोंड मोठं करायचं सोडून ते कार्ब्युरेटरच्या घशात लहान भोकाचं इन्सर्ट घालतात. टाकी १२५ सीसीची, फायनल लांबलचक. इंजिन कमी प्यालं की पिटमध्ये एक फेरी कमी. पण विजेत्याचा हा उपवास कोणाला दिसत नाही. दिसतो तो स्टिकर.

आमचा एक मावसभाऊ टेक्ससमध्ये असतो. नोकरीत हिशेबाचा पक्का, गॅरेजमध्ये मात्र भाविक. त्याने नवी नळी चढवली, हवा वाढली असं गृहीत धरलं, पण इंधनाचं प्रमाण ठरवणारी नीडल होती तिथेच ठेवली. या इंजिनात वंगणाचं तेल इंधनातूनच येतं. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, की आग वाढते आणि तेल घटतं, एकाच वेळी. धुराची निळी शेपटी नाहीशी झाली, हेडवर टाकलेला पाण्याचा थेंब टाकताक्षणी उडाला. तेव्हा नीडल उघडून इंधन वाढवणं आलं. ते वाढवल्यावर गाडी पूर्वीसारखीच पळू लागली, फक्त आता जांभळी.

खरं नुकसान पुढे झालं. नळीला जागा हवी म्हणून त्याने फोमचा एअर फिल्टर काढून ठेवला होता. बिचारा फिल्टर! दिसायला भांडी घासायच्या स्पंजाहून वेगळा नाही. साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पिशवीत घालून फिल्टरचं तेल मळायचं, सगळीकडे एकसारखा रंग चढेपर्यंत. रबराच्या मानेला झिप टाय आवळायचा, कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं. यात कौतुक करणारं कोणी नसतं. पण या इंजिनाच्या पिस्टनला रिंगच नसते. क्रोम चढवलेल्या पितळी स्लीव्हमध्ये तो वरच्या टोकाला घट्ट बसतो, आणि त्या घट्टपणावरच सगळा दाब उभा असतो. मैदानातली धूळ तिथे पॉलिश पेपरचं काम करते.

इंजिन थंड असताना कसंबसं सुरू व्हायचं, तापलं की बंद. शेवटी नवा पिस्टन-स्लीव्हचा जोड मागवायची वेळ आली. ऑर्डर देताना वहिनी शेजारीच उभ्या होत्या.

"अहो, निदान या वेळी फिल्टर तरी मागवा."

"अगं, पण तो जांभळ्यात येत नाही."