दुतोंड्या मारुती आणि पेनड्राइव्हची पूजा

गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, की नाशिकच्या भांडीबाजारातील दुकानदाराने काय उचलावे आणि काय दैवावर सोडावे, याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असे: आधी कीर्द-खतावणीच्या चोपड्या, मग गल्ला, मग पितळी घागरी, आणि हात रिकामा राहिलाच तर भागीदार. आमचे स्नेही असलेल्या एका भांडीवाल्या शेठांच्या तीर्थरूपांनी १९६९च्या महापुरात लाल कापडात बांधलेली बासने डोक्यावर घेऊन माळा गाठला होता, आणि ही कथा शेठ आजही अशा अभिमानाने सांगतात, की जणू त्या माळ्यावर ते स्वतःच चढले होते.

शेठांनी मात्र काळाबरोबर चालावे म्हणून चोपड्या मोडीत काढून सारा जमाखर्च टॅलीत आणला, संगणकाचा डबा ऐसपैस जमिनीवर ठेवला, आणि ‘बॅकअप’ म्हणून त्याच डब्यातील सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर एक नक्कल केली; म्हणजे उजव्या खिशातील पैसे डाव्या खिशात घालून, आता खिसेकापूची भीती नाही, असे मानण्यासारखेच ते होते. दुसरी नक्कल पेनड्राइव्हवर. ही पेनड्राइव्ह त्याच मेजाच्या खणात वर्षभर निजे, लक्ष्मीपूजनाच्या रात्री तेवढी पाटावर येई, आणि हळदकुंकू स्वीकारून पुन्हा खणात जाई. एकदा आम्ही ती हातात घेऊन पाहिली, तर तिच्या चौकोनी तोंडात तीन दिवाळ्यांचे कुंकू घट्ट बसलेले होते.

‘‘यातून हिशेब परत कधी काढून पाहिलात का, शेठ?’’

‘‘काढायचे कशाला? हरवले की काढू.’’

४ ऑगस्ट २०१९ रोजी, रविवारी, ते हरवले. दुतोंड्या मारुती बुडाला, बाजारात पाणी शिरले, आणि डबा, डी ड्राइव्ह व कुंकुमार्चित पेनड्राइव्ह यांना एकाच वेळी गोदास्नान घडले. मग पुढील दोन महिने शेठांचे चिरंजीव आणि वृद्ध दिवाणजी गिऱ्हाइकांच्या दारोदार हिंडून आपल्याच बिलांच्या नकला माधुकरीसारख्या मागत होते.

वस्तू व सेवा कराच्या केंद्रीय नियमावलीतील ५७वा नियम सांगतो, की अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने दफ्तर नष्ट झाले, तरी ‘वाजवी मुदतीत’ ते पुन्हा उभे करता यावे अशा रीतीने त्याची नक्कल राखावी. आणि हे दफ्तर वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असते. कंपन्यांना तर ऑगस्ट २०२२पासून हिशेबाची नक्कल भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याची आज्ञा आहे. शेठांची पेढी कंपनी नाही, याबद्दल त्यांनी सत्यनारायण घातला.

वास्तविक या विद्येसाठी शेठांना बाजारातून फार लांब जावे लागले नसते. रामकुंडावरचा तीर्थोपाध्याय तुमचे आडनाव व मूळ गाव विचारतो, वह्यांच्या ढिगातून एक लांबट वही ओढतो, आणि तुमच्या पणजोबांची वळणदार सही तुमच्यापुढे धरतो; आणि पणजोबा काशी-गयेला जाऊन आले असतील, तर तेच कुळ तिथल्या उपाध्यायाच्या वहीत, निराळ्या हस्ताक्षरात, निराळ्या नदीकाठी नांदत असते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक परगावी, हा जो नियम पीटर क्रोघ नामक अमेरिकन छायाचित्रकाराने अलीकडे रूढ केला, त्यातली परगावची प्रत आमच्या भटजींनी दक्षिणा घेऊन केव्हाच सांभाळली होती. शिवाय प्रत्येक यजमानागणिक वही उघडली जाते, म्हणजे रुजुवात आपोआप होते. जुना दिवाणजी रुजुवात घातल्यावाचून दिवा मालवीत नसे. हल्लीचा संगणक ‘बॅकअप यशस्वी’ असे लिहितो, आणि आपण त्याच्या शब्दावर दुकान बंद करतो. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अदृश्य पेंढाऱ्यांनी जगभरच्या संगणकांना कुलपे ठोकून तीनशे डॉलरांची खंडणी मागितली, तेव्हा यंत्राला सदैव जोडून ठेवलेल्या नकलांनाही तेच कुलूप बसण्याचा धोका होता.

हे सारे आम्ही शेठांना चहाच्या दोन कपांत समजावले. त्यांना ते इतके पटले, की त्यांनी त्याच संध्याकाळी तीन नव्या पेनड्राइव्ह आणवल्या, तिन्हींवर नक्कल करविली, त्या हरवू नयेत म्हणून किल्ल्यांच्या एकाच जुडग्यात ओवल्या, आणि ते जुडगे मेजाखालच्या खिळ्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, स्वहस्ते अडकवले.