मुलगा बघण्याचा कार्यक्रम

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला लेकाने आम्हाला बेसबॉल दाखवायला नेलं, कारण देऊळ आणि मॉल दोन्ही दाखवून झाले होते. "बाबा, हे डरहॅम बुल्स. टॅम्पा बे रेजची ट्रिपल-ए टीम, म्हणजे मोठ्या लीगच्या एक पायरी खाली. आज एक जबरदस्त पोरगा पिच करतोय." मी म्हटलं, म्हणजे रणजी. पण रणजीला एवढी माणसं कुठे येतात!

होम प्लेटच्या मागे काही गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ रडार गन रोखून बसले होते. ते ट्रॅफिक पोलीस नसून स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारे आहेत, असं कळलं. थोड्याच वेळात ध्यानात आलं, की हा सरळसरळ बघण्याचा कार्यक्रम आहे. मुलाची उंची लिहून घेतात, वजन लिहून घेतात, डावखुरा म्हटलं की डोळे चमकतात. फक्त कांदेपोहे नाहीत आणि पत्रिकेऐवजी कोपराचा एमआरआय मागतात.

पोरगा मात्र लाखात एक. साडेसाठ फुटांवरून टाकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचायचा. टप्पा पडतच नाही, त्यामुळे खेळपट्टीला नावं ठेवायचीही सोय नाही. डाव्या बाजूला भिंतीवर एक भलामोठा बैल आहे. बैलाला चेंडू मारा, स्टेक जिंका. गवताला मारा, सॅलड जिंका, असं त्यावर लिहिलंय. पोराने समोरच्या संघाला सॅलडसुद्धा लाभू दिलं नाही.

नुसत्या वेगावर भागत नाही, हे खरं. स्टीव्ह डॅल्कोवस्की नावाच्या पिचरने १९६० साली स्टॉक्टनकडून १७० इनिंग्जमध्ये २६२ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि २६२ जणांनाच फुकट वॉक दिला. जमाखर्च इतका चोख जुळूनही मोठ्या लीगच्या मोसमात तो कधीच खेळला नाही.

चौथी इनिंग संपली आणि आमच्या पोराला बाहेर काढलं.

"अहो, इतकं छान टाकत होता, काढला का?" सौ. हळहळली.

"आई, पिच काउंट, म्हणजे किती चेंडू टाकले त्याचा हिशोब. कोपर जपायला हवं."

कोपराची ही धास्ती जुनी आहे. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या उजव्या हाताची कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. परतल्यावर त्याने आणखी १६४ सामने जिंकले आणि ऑपरेशनलाच त्याचं नाव पडलं. आता हात दुखण्याआधीच पिचर काढतात. आमच्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला सलग १३१ चेंडू एकही धाव न देता टाकले. इथे असते, तर पाऊणशे चेंडूंनंतर कोचने त्यांच्या खांद्यावर बर्फ बांधून घरी पाठवलं असतं.

तेव्हा मंडळी, होतकरू पिचर बघायचा असेल, तर वेळेवर जा. पार्किंग, हॉटडॉगची रांग आणि भेटेल त्या मराठी माणसाला "तुम्ही मूळचे कुठले?" विचारण्यात तासभर घालवलात, तर ज्याला बघायला आलात तो आंघोळ करून बसलेला असेल आणि उरलेला सामना तुम्हाला बघावा लागेल.