ताम्हिणी, अण्णा आणि फुस्स!

पुण्याहून दिवेआगरला जायला ताम्हिणीचा रस्ता फार सुंदर आहे. मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्यातला बराचसा मी उभं राहून पाहिला. गाडी इंजेक्शनवाली, मी पन्नाशी ओलांडलेला, मागे माझे वडील, अण्णा, पंचाहत्तरीचे. तिघांत धाप लागली ती गाडीला.

मुळशीचं पाणी दिसलं. छान होतं. त्यानंतर गाडीने दोन आचके दिले आणि एका कणसाच्या टपरीसमोर ती गप्प झाली.

माझं यांत्रिक शिक्षण कार्बोरेटरच्या काळातलं. कॉक रिझर्व्हला घ्यायचा, चोक ओढायचा, गाडी आडवी करून पुन्हा उभी करायची आणि किक मारताना शिवी हासडायची. एप्रिल 2020 मध्ये बीएस-सिक्सचे प्रदूषण-नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून हा सगळा अभ्यासक्रमच रद्द झाला. आता गाडी आडवी केली की आतल्या सेन्सरला वाटतं मालक पडला, आणि तो पंपच बंद करतो. शिवी तेवढी जुनी चालते.

कणसं खाणारी मंडळी जमली. एकाला प्लगचा संशय, दुसऱ्याला पेट्रोलचा. तिसरा "ईसीयू गेला" असं इतक्या हळहळीने म्हणाला, की मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

अण्णा पुढे आले. उभी हयात एसटीच्या डेपोत डिझेलच्या इंजिनांशी झटण्यात गेली, त्यात कान अधू झाले. "चावी लाव. स्टार्टर नको मारू." चावी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घूंऽ करतो आणि इंजेक्टरपर्यंत सुमारे तीन बार दाब तयार करतो. आवाजच आला नाही, तर फ्यूज, रिले, वायर बघायची. अण्णांना आवाज ऐकू येणार नव्हता. त्यांनी पावसाने ओल्या झालेल्या टाकीवर तळवा टेकला. अंगठ्याचं नख काळं, कधीतरी हातोडा बसलेला. नखाच्या कडेत वंगण. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी ते कुठून येतं, देव जाणे. लहानपणी ताप आला की हाच हात कपाळावर असायचा.

"चालतोय पंप," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात प्लगवाल्याने प्लगची टोपी दाबली, मी स्टार्टर मारला, गाडी सुरू! "म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. त्याला कणीस चारून आम्ही निघालो.

घाटात ती पुन्हा बंद. धबधबे उत्तम होते. त्यांच्यापुढे रील काढणाऱ्या एका तरुणाने मला गाडी जरा बाजूला घ्यायला सांगितलं, फ्रेम बिघडत होती म्हणे. दीडशे किलोची गाडी चढावर, पावसात! मी काय बोललो ते त्याच्या रीलमध्ये असेलच.

"इंजिनचा दिवा लागतोय का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे वायरीत खोट बहुधा नाही. थोडी विसावली की बरी होते, चालली की गुदमरते. झाकण उघड."

उघडलं. फुस्स! हवा आत गेली.

पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा टाकीत यायला हवी. आमच्या गाडीत ती येते झाकणातल्या बारीक भोकातून, आणि तिथे लाल चिखल बसला होता. टाकीत पोकळी वाढत गेली, पंप तिच्याशी झुंजत राहिला, दाब पडला. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे ईसीयू नावाचा संगणक मोजून ठरवतो, पण दाब पुरेसा आहे हे तो गृहीतच धरतो. आमच्यासारख्या गाडीत दाब मोजणारा सेन्सर नसतो. म्हणून इंजिन उपाशी आणि दिवा शांत. गाडी थांबली की हवा कशीबशी झिरपायची, आणि जवळ उभा असेल त्याला डॉक्टरकी मिळायची.

"झाकण उघडंच ठेवून जाऊ," मी म्हणालो.

"पावसात?" अण्णांनी फक्त पाहिलं. बरोबरच होतं. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात, आणि पंपाचं तोंडही तळालाच. अण्णांनी बंडीच्या खिशातून सेफ्टी पिन काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि तिळाएवढा चिखल टोकरून माझ्या तळव्यावर ठेवला.

विळे, निजामपूर, सगळं एका दमात. मागून अण्णा माझ्या खांद्यावर थाप मारून दर वळणाला विचारत, "पिकअप कसाय?"

माणगावच्या अलीकडे एक पोरगा बंद स्कूटर ढकलत होता. अण्णांनी मला थांबायला लावलं, उतरले, पिन काढली.

"झाकण उघड."

"आजोबा, इलेक्ट्रिक आहे."

अण्णांना ऐकू आलं नाही. ते सीटखाली झाकण शोधत होते.