डॉक्टरांची एकहाती गाडी

कापसाचे पैसे हातात आले की शिंदखेड्यातल्या तरण्या पोरांना जुनी पोलो जीटी टीएसआय खुणावते: १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रंग दोंडाईच्याच्या मिरचीसारखा लाल. एजंट शपथेवर सांगतो, "भाऊ, डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखान्यात जायची." मीटरवर ४० हजार किलोमीटर, ब्रेक पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत. दवाखाना बहुधा दिल्लीत असावा. गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेलं तर खर्च लाखाच्या घरात. गावचा मिस्तरी बोनेट उघडतो नि अदबीने परत लावतो. म्हणून सर्व्हिसची बिलं मागा, इंजिन गार असताना सुरू करून ऐका, चौथाई पैसे दुरुस्तीला राखा. उरलेल्या पैशांत जी गाडी येईल, ती अर्थातच अल्टो असेल.