मुदतीचा अर्ज

बेसबॉलच्या नियमपुस्तकात एक परिच्छेद असा आहे, की तो लिहिणारा माणूस जन्मभर सबबी ऐकून कावलेला असणार. पिचरनं फेकीची हालचाल सुरू केली, किंवा तो फेकण्याच्या पवित्र्यात स्थिर झाला, की त्यानंतर बॅटरनं 'टाइम' मागितला तरी अंपायरनं तो द्यायचा नाही. एवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. पण पुस्तक पुढे सबबीही मोजून दाखवतं : डोळ्यात धूळ गेली, चष्म्यावर वाफ धरली, कोचची खूण कळली नाही. आणि यातून कोणी पळवाट काढू नये म्हणून शेवटी, दुसरं कुठलंही कारण असलं तरीही नाही. आजवर किती बॅटरांच्या डोळ्यात धूळ गेली असेल, आणि त्यातल्या किती जणांनी ती अंपायरच्या डोळ्यात फेकली असेल, देव जाणे.

हे पुस्तक माझ्या उशाशी आलं ते मुलामुळे. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात लहान मुलांच्या लीगला अंपायर लागतात आणि ते आईबापांतूनच पकडले जातात. 'क्रिकेट कळतं' एवढंच मी म्हणालो होतो. कमिटीला तेवढं पुरलं. छातीवर गादी, तोंडावर जाळी आणि अंगात निळा शर्ट चढवून मला कॅचरच्या पाठीमागे उभं केलं. या शर्टाच्या रंगावरून अंपायरला इथे सरळ 'ब्लू' अशी हाक मारतात. घरातही आता 'ब्लू, कचरा बाहेर ठेव' असं चालतं.

उन्हाळ्यात सासरे आले. अण्णांनी उभी हयात सातारच्या कोर्टात दिवाणी वकिली केली. तारांच्या जाळीमागे घडीची खुर्ची टाकून ते बसतात आणि प्रत्येक निकालावर अपील करतात. पहिल्याच सामन्यात एका पोरानं हात वर करून 'टाइम!' म्हटलं तेव्हा अण्णा ताठ बसले.

"जावईबापू, हा तर मुदतीचा अर्ज!"

"हो, पण मंजूर झाला तर."

हीच गोम निम्म्या पोरांना कळत नाही. हात वर केला की टाइम मिळाला, असं समजून ती बॅटरनं उभं राहायच्या चौकोनातून सरळ बाहेर पडतात. टाइम मिळतो तो अंपायरनं दोन्ही हात वर केल्यावर. तोवर खेळ चालूच असतो. बॅटर बाहेर उभा राहून हातमोजे चाचपतोय आणि पिचरनं चेंडू फेकला, तर तो बॉल की स्ट्राइक हे मला सांगावंच लागतं.

"आणि कारण? कारण पटलं तर?" अण्णांनी विचारलं.

"कारण बघायचंच नाही. मागितलं कधी, एवढंच बघायचं."

अण्णांचा चेहरा पडला. कारण बघायचं नाही म्हटल्यावर वकिलानं खायचं काय?

मला मात्र या नियमाचा शहाणपणा इथेच दिसतो. धूळ खरंच गेली का, हे मी जाळीतून कसं ठरवणार? प्रत्येक पोराची पापणी उलटून बघत बसलो तर सामना दिवाळीपर्यंत चालेल. त्यापेक्षा पिचरकडे बघणं सोपं. तो अजून चेंडू चोळतोय, कॅचरच्या खुणा वाचतोय, तोवर टाइम द्यायला माझं काही जात नाही. एकदा त्यानं अंगाला झोक दिला, की मध्येच 'थांब' म्हणणं म्हणजे त्याच्या खांद्याशी खेळ. वेगात निघालेला हात आवरताना दुखापत होऊ शकते. बॅटरच्या चष्म्यावरची वाफ आपोआप जाते, खांदा आपोआप बरा होत नाही.

उलट पिचरच चेंडू धरून ध्यानाला बसला, बॅटरचे हात बॅट उचलून उचलून अवघडले, तर अंपायर बॅटरला क्षणभर बाहेर पडू देऊ शकतो, असंही पुस्तकात आहे. आणि अण्णांना सर्वांत आवडलेलं कलम असं : बेसवर धावपटू असताना बॅटरच्या चुळबुळीनं दचकून पिचर अर्ध्यात थांबला, तर एरवी पिचरला शिक्षा झाली असती, पण इथे नियम दोघांनीही मोडला असं धरून सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

"खर्च ज्याचा त्यानं सोसावा," अण्णा समाधानानं म्हणाले.

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये मुदतीच्या अर्जांचा खरा अनुशेष होता. माइक हारग्रोव्ह हा त्यातला बादशहा. 1974 साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला हा गृहस्थ प्रत्येक चेंडूआधी हातमोजे, बाह्या, विजार, हेल्मेट असं क्रमानं सारखं करायचा. लोकांनी त्याला 'ह्यूमन रेन डिले' म्हणायला सुरुवात केली. पावसानं निदान मैदानावरच्या गवताचं तरी भलं होतं. पुढे बॉस्टनचा नोमार गार्सियापारा आला. तो हातमोज्यांचे पट्टे असे ओढायचा आणि बुटांची टोकं अशी आपटायचा, की अमेरिकेतल्या गल्लीगल्लीतली पोरं चेंडू मारण्याआधी तेवढंच शिकली. मला तर त्या दोघांचा राग येत नाही. चेंडू ताशी दीडशे किलोमीटरनं येणार असेल, तर मी विजारच काय, मृत्युपत्रही सारखं करून घेईन.

शेवटी 2023 साली मेजर लीगनं घड्याळच आणलं. बेस रिकामे असतील तर पिचरला 15 सेकंद, धावपटू असेल तर 20 (पुढच्या वर्षी त्याचे 18 झाले). 8 सेकंद उरेपर्यंत बॅटरनं चौकोनात तयार उभं राहायचं, नाहीतर फुकटची स्ट्राइक. आणि टाइम? एका खेपेला एकदाच. नऊ इनिंगचा सामना 2022 मध्ये सरासरी 3 तास 4 मिनिटं चालायचा, तो 2 तास 40 मिनिटांवर आला.

"आमच्या दिवाणी संहितेतही आहे," अण्णा म्हणाले. "सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाही."

"मग?"

"मग काय? संहितेत आहे."

या घड्याळानं पहिल्याच आठवड्यात बळी घेतला. 25 फेब्रुवारी 2023, फ्लोरिडातलं नॉर्थ पोर्ट, अटलांटा विरुद्ध बॉस्टन सराव सामना. धावा 6-6, नववी इनिंग, दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल, दोन स्ट्राइक. घड्याळाचा नियम मोडला म्हणून अंपायरनं खेळ थांबवला. चूक पिचरची आहे, म्हणजे चौथा बॉल, म्हणजे फुकटची धाव आणि आपण जिंकलो, असं समजून अटलांटाचा बॅटर कॅल कॉन्ली खुशीत पहिल्या बेसकडे निघाला. अंपायरनं सांगितलं, चूक तुझी. 8 सेकंदांआधी तू तयार नव्हतास. तिसरी स्ट्राइक, तू बाद, सामना बरोबरीत. एकही चेंडू न फेकता निकाल! ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. एकतर्फी हुकूमनाम्याचं दुःख वकिलालाच कळतं.

आमच्या लीगला घड्याळ नाही, सबबी मात्र भरपूर आहेत. दात हलतोय. डास चावला. आजी आलीय, तिला हात करायचाय. पिचर तयार झालेला नसला तर मी सगळ्यांना टाइम देतो, आजीला तर विशेष. नियमाबाहेर मी एकाच वेळी जातो. नऊ वर्षांचं पोर भलतीकडेच बघतंय आणि पिचरचा हात निघालाय असं दिसलं, की मी ओरडून खेळ थांबवतो. पुस्तक काही म्हणो, आमच्या पिचरांना प्लेट कुठे आहे याचा फक्त अंदाज असतो.

परवा एका मुलीनं अगदी शास्त्रशुद्ध टाइम मागितला. पिचर अजून टोपी सारखी करत होता. मी दोन्ही हात वर केले. ती चौकोनातून हललीच नाही, नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली.

"ब्लू, तुझी लेस सुटलीय."

छातीवरच्या गादीमुळे मला वाकता येईना. कॅचर तसाही उकिडवाच बसलेला होता. त्यानंच बांधून दिली, दुहेरी गाठ मारून. दोन्ही संघ थांबले होते, कोच घड्याळाकडे बघत होते, आणि जाळीमागून साताऱ्याचा खणखणीत आवाज आला :

"नोंद घ्या हो! ही तारीख कोर्टानं स्वतःच्या सोयीसाठी घेतलीय!"